गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी

दरवर्षी दसरा उलटला की घराला चुन्याचा हात द्यायचा, तो लक्ष्मीसाठी. गेल्या वर्षी मात्र आम्ही घर रंगविले ते गिऱ्हाइकासाठी. चंद्रपूरच्या परकोटाच्या आत, बिनबा गेटच्या अंगाला आमचे आजोबांच्या वेळचे कवेलूचे घर आहे. 'आहे' नव्हे, 'होते' म्हणायला आता शिकले पाहिजे. आम्ही दोघे भाऊ. दादा नागपूरला, मी पुण्याला. आई गेल्यापासून घराला कुलूप. शेवटी विकायचे ठरले. दलाल ओसरीवर टेकत म्हणाला, "काकाजी, घराकडे मालकाच्या नजरेनं पाहू नका. घेणाऱ्याच्या नजरेनं पाहा."

इतिहास शिकविण्यात माझी तीस वर्षे गेली. त्यामुळे त्याचे हे वाक्य मी जरा लांबवर नेले. या गावात घर घेणाऱ्याने कोणत्या काळी काय पाहिले असेल?

पहिल्याने त्याने भिंत पाहिली असेल. झरपटीच्या पाण्याने गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाची व्याधी बरी झाली, पुढे शिकारीत एका सशाने उलटून त्याच्याच कुत्र्याचा पाठलाग केला, आणि ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर परकोटाची आखणी झाली, ही दंतकथा इथले शाळकरी पोरही सांगेल. ससा खरा असो वा नसो, सुमारे अकरा किलोमीटरचा दगडी परकोट, त्याच्या चार वेशी आणि पाच खिडक्या मात्र खऱ्या आहेत. चहूकडे अरण्य असलेल्या मुलखात वेशीच्या आतले घर म्हणजे रात्रीची निर्धास्त झोप. 1751 च्या सुमारास चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेले. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी परकोटाला खिंडार पाडले, आणि भिंतीच्या भरवशाचे दिवस सरले.

गंमत अशी की, तीच भिंत आज घराची किंमत उतरविते. परकोट हे संरक्षित स्मारक. 2010 साली झालेल्या कायद्यातील दुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते. म्हणून आता गिऱ्हाईक पाण्याच्याही आधी विचारते, "शंभराच्या आत की बाहेर?" आम्ही फीत लावून मोजले. एकशे चाळीस भरले. डागडुजीसाठी रीतसर अर्ज केला, परवानगी हाती आली, तेव्हाच कवेलू फेरले.

दुसरी नजर लाकडावर. 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली जिल्हा निराळा निघाला. त्याआधी आलापल्लीचे सागाचे रानही चांदा जिल्ह्यातच होते. त्या सागाचा लौकिक अजून ओसरलेला नाही. 2023 च्या मार्चमध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान रवाना झाले, ते सगळ्यांनी पाहिले. आमच्या माजघराचे खांब सागाचे. जुन्या लाकडाचा एक व्यापारी आला, खांबावर नख ओढून म्हणाला, "घर राहू द्या, हे एवढं द्या." वहिनींनी त्याला चहा दिला आणि वाटेला लावले.

रंग झाला, खांबांना तेलपाणी झाले, अंगण सारवले. अडचण उरली ती स्वयंपाकघरात. कोपऱ्यातली एक फरशी बोटभर खचलेली. तिच्याखाली विहीर आहे, हे जगात आता आम्हा दोघांनाच ठाऊक. नळ आला तेव्हा आजोबांनी ती बुजविली आणि पुढे तिच्यावर स्वयंपाकघर वाढविले. दादा म्हणाले, "इतक्या वर्षांत काही झालं नाही. नवी फरशी टाकू. विचारलं तर सांगू."

विचारणार कसा? जे दिसत नाही, ते कोणी विचारीत नाही.

हा वाद नवा नाही. रोमच्या सिसेरोने इसवी सनापूर्वी 44 साली मुलासाठी कर्तव्यावर ग्रंथ लिहिला, त्यात असाच एक घरमालक आहे. त्याच्या उंच घरामुळे शकुन पाहणाऱ्या पुरोहितांची दृष्टी अडत होती. त्यांनी तो भाग पाडायला सांगितले. मालकाने ते लपवून घर विकले आणि पाडण्याची पाळी घेणाऱ्यावर आली. न्यायाधीशाने निकाल दिला की ठाऊक असलेला दोष विकणाऱ्याने सांगायला हवा होता. नुकसान त्याने भरावे. इंग्लंडातला जुना रिवाज मात्र 'घेणाऱ्याने सावध राहावे' असा. आपल्या 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने कलम 55 मध्ये विकणाऱ्यावर जबाबदारी टाकली: उलट करार नसेल तर, घेणाऱ्याला साध्या चौकशीने कळणार नाही असा मोठा दोष त्याने आपण होऊन सांगावा.

पण दादांना कलमाने पटले नाही. मी त्यांना घुग्घुसची आठवण दिली. आमच्या गावापासून ते काही लांब नाही. 2022 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या अमराई वॉर्डात एक घर जमिनीत गडप झाले. खाली जुनी कोळशाची खाण होती. माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. त्या घराच्या भिंतीही कोणी दर दिवाळीला रंगविल्याच असतील. दादा बराच वेळ बंगईवर बसून राहिले. मग म्हणाले, "सांगून टाक."

घर घ्यायला आले ते आरमोरीकडचे एक तरुण शिक्षक, बायको आणि म्हातारी आई. मी आधी त्यांना स्वयंपाकघरात नेले, फरशी दाखविली, सगळे सांगितले. शिक्षक गप्प झाले. मग त्यांनी हिशोब मांडला: इंजिनिअर, खोदकाम, भराव. किंमत उतरली. किती, ते लिहीत नाही. दादा हा अंक वाचतात.

म्हातारी मात्र फरशीजवळ बसली होती. "पाणी गोड होतं का जी?"

"गोड होतं," मी म्हटले. "भर वैशाखातही आटलं नाही कधी."

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा सत्तेचाळीसवर जातो. तिथल्या माणसाला हे उत्तर काय वाटले असेल, ते सांगायला नको. यंदा जूनच्या आधी शिक्षकांचा फोन आला. स्वयंपाकघर त्यांनी पुढे ओसरीच्या बाजूला घेतले, फरशी उचलली आणि गाळ उपसला. बारा हातांवर ओल लागली.

या दिवाळीला विहिरीवर पणती लावणार असल्याचे त्यांच्या आईने कळविले आहे. आम्हाला बोलावणेही आहे. दादा म्हणतात, जाऊ.