काउगेटचा चषक

इ. स. २०१६ च्या मे महिन्यात, २१ तारखेस, ग्लासगो येथील हॅम्पडेन पार्क मैदानावर स्कॉटिश चषकाचा अंतिम सामना झाला. एका बाजूस एडिंबरोचा हायबर्नियन, दुसऱ्या बाजूस ग्लासगोचा रेंजर्स. ही स्पर्धा १८७३ पासूनची. परंतु स्कॉटलंडमध्ये फुटबॉल संघांच्या श्रेणी पडल्यापासून अंतिम सामन्यातील दोन्ही संघ पहिल्या श्रेणीबाहेरचे असावेत, असे त्या दिवशी प्रथमच घडले. रेंजर्सने दुसरी श्रेणी त्याच हंगामात जिंकली होती, तरी वरच्या श्रेणीत त्याचे पाऊल अजून पडायचे होते. हायबर्नियन तिसरा आला होता आणि बढतीच्या सामन्यांत फॉल्कर्ककडून हरल्याने आणखी एक वर्ष खालीच राहणार होता. अशा दोन संघांचा खेळ पाहण्यास ५०,७०१ प्रेक्षक जमले. त्यांतील हिरव्या रंगाच्या अर्ध्या गर्दीने हा चषक आपल्या संघाच्या हाती कधीच पाहिला नव्हता, कारण हायबर्नियनने तो शेवटचा जिंकला त्यास ११४ वर्षे लोटली होती.

ज्यांना फुटबॉलमध्ये गोडी नाही अशा वाचकांनीही पुढे वाचावे, अशी आमची विनंती आहे. या सामन्याची मुळे एका कॅथलिक धर्मग्रामाच्या सभागृहात आहेत.

एडिंबरो शहर डोंगरउतारांवर वसलेले आहे. त्याच्या जुन्या भागात काउगेट नावाचा एक सखल, अरुंद रस्ता आहे. त्यावरून उंच पूल गेलेले आहेत. वरच्या पुलांवरून शहरातील प्रतिष्ठित मंडळी ये-जा करीत आणि खाली काउगेटमध्ये आयरिश निर्वासित एकेका खोलीत कुटुंबेच्या कुटुंबे दाटीवाटीने राहत. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजले, दुष्काळ पडला आणि हजारो लोक समुद्र ओलांडून स्कॉटलंडच्या बंदरांत उतरले. हमाली, रस्तेदुरुस्ती, झाडलोट अशी मिळतील ती कामे त्यांनी केली. काउगेटला लोक ‘छोटे आयर्लंड’ म्हणू लागले, आणि त्या म्हणण्यात कौतुक नव्हते.

ज्या देशात ही माणसे आली तेथे १५६० च्या धर्मसुधारणेपासून कॅथलिक श्रद्धा जवळजवळ हद्दपार झाली होती. ब्रिटनमधील कॅथलिकांवरील बहुतेक कायदेशीर निर्बंध १८२९ मध्ये उठले. स्कॉटलंडमध्ये बिशपांची रीतसर धर्मप्रांतीय व्यवस्था पोप लिओ तेरावे यांनी पुन्हा स्थापन केली ती १८७८ मध्ये. काउगेटमधील संत पॅट्रिकचे चर्चही मूळचे आपले नव्हते. अठराव्या शतकात एपिस्कोपल पंथीयांनी बांधलेली ती वास्तू १८५६ मध्ये कॅथलिकांकडे आली. जेम्स कॉनोली, ज्यांना १९१६ च्या डब्लिनमधील उठावानंतर इंग्रजांनी गोळ्या घातल्या, ते १८६८ मध्ये याच काउगेटमध्ये जन्मले.

या धर्मग्रामात १८६१ मध्ये लिमरिक परगण्यातील एक तरुण धर्मगुरू आले. त्यांचे नाव एडवर्ड हॅनन. पुढे ते कॅनन हॅनन म्हणून प्रसिद्ध झाले. लिमरिकमध्येच १८४९ साली कॅथलिक तरुणांची एक संघटना निघाली होती, तिची शाखा त्यांनी १८६५ मध्ये येथे उघडली. वाचनालय, व्याख्याने, नाटके असा तिचा कार्यक्रम असे. दारूच्या गुत्त्यापासून मुलांना दूर ठेवणे हा उघड हेतू होता. परंतु अठरा वर्षांच्या मुलास वाचनालयात किती काळ बसवून ठेवणार? ही अडचण आपल्याकडील धर्मगुरूंनाही अपरिचित नसावी. जवळच्या मेडोज नावाच्या मोकळ्या कुरणात इतर पोरे चेंडू खेळत होती. यांनाही खेळावेसे वाटले. मायकेल व्हेलाहन या तरुणाने पुढाकार घेतला, कॅनन हॅनन यांनी आशीर्वाद दिला, आणि १८७५ मध्ये, आयरिश नेते डॅनियल ओकॉनेल यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, संघ स्थापन झाला. आयर्लंडच्या लॅटिन नावावरून त्याचे नाव हायबर्नियन ठेवण्यात आले. खेळाडू तरुण संघटनेचा सभासद असला पाहिजे, म्हणजेच नियमाने धर्माचरण करणारा कॅथलिक असला पाहिजे, असा दंडक होता.

फुटबॉलच्या अधिकृत मंडळींनी या संघास प्रथम दारातच अडवले. आमची संस्था स्कॉटिश लोकांसाठी आहे, आयरिश लोकांसाठी नाही, अशा आशयाचे उत्तर मिळाले. अर्ज करणाऱ्यांपैकी कित्येक मुले एडिंबरोतच जन्मली होती, हे कोणी विचारात घेतले नाही. तरीही हार्ट्स हा शहरातील दुसरा संघ त्यांच्याशी खेळण्यास तयार झाला. तो सामना १८७५ च्या नाताळच्या दिवशी झाला आणि हायबर्नियन एका गोलने हरला. (नाताळचा दिवस कसा निवडला, असे आपल्याला वाटेल. प्रेस्बिटेरियन स्कॉटलंड नाताळ मानीत नसे. त्या देशात नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ पर्यंत नव्हती.) पुढे कॅननसाहेबांची चिकाटी आणि इतर संघांचा पाठिंबा यांमुळे दार उघडले.

बारा वर्षांत या मुलांनी स्कॉटिश चषक जिंकला. १२ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांनी डंबार्टनचा २-१ असा पराभव केला. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याकडे चषक प्रथमच गेला. एडिंबरोस परतण्यापूर्वी ग्लासगोतील आयरिश कॅथलिकांनी सेंट मेरीज धर्मग्रामाच्या सभागृहात विजेत्यांचा सत्कार केला, आणि असा संघ ग्लासगोतही निघावा असे तेथे बोलले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, त्याच धर्मग्रामात, मारिस्ट ब्रदर वॉलफ्रिड यांनी गरीब मुलांच्या जेवणाच्या खर्चासाठी सेल्टिक हा संघ स्थापन केला. थोरल्या भावाने धाकट्यास वाट दाखवली. त्यानंतर जे झाले ते मात्र कोणत्याही धर्मग्रामाच्या इतिहासात अभिमानाने लिहावे असे नाही. १८८८ मध्ये सेल्टिकने जेम्स मॅक्लारेन, विली ग्रोव्ह्ज यांच्यासह हायबर्नियनचे अनेक मोहरे उचलून नेले. स्कॉटलंडमध्ये खेळासाठी पैसे घेणे तेव्हा नियमबाह्य होते. १८९३ पर्यंत ते तसेच राहिले. तरीही पैशाचे आमिष होते, हे लपून राहिले नाही. मुलांच्या जेवणासाठी निघालेल्या संघाने थोरल्या भावाच्या ताटातील घास उचलला, असे आम्ही म्हटले तर कोणास राग येऊ नये.

हायबर्नियनची दशा झाली. मैदानाचा भाडेपट्टा गेला. १८९१ मध्ये कॅनन हॅनन निवर्तले आणि संघही बंद पडल्यासारखा झाला. १८९२-९३ मध्ये काही निष्ठावंतांनी तो पुन्हा उभा केला, लीथच्या वाटेवरील ईस्टर रोड येथे नवे मैदान घेतले. (या नावाचा पुनरुत्थानाच्या सणाशी काही संबंध नाही, पूर्वेकडचा रस्ता, एवढाच त्याचा अर्थ.) याच वेळी त्यांनी एक निर्णय घेतला, ज्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत: खेळाडूने कॅथलिक तरुण संघटनेचा सभासद असावे हा दंडक त्यांनी काढून टाकला. कोणत्याही पंथाचा माणूस आता हिरवा सदरा घालू शकत होता.

हा निर्णय सोपा नव्हता. ज्यांच्या बापांना आयरिश म्हणून दारात अडवले होते, त्यांनी आपले दार सर्वांसाठी उघडले, असे एका बाजूने म्हणता येते. धर्मग्रामाच्या पैशाने आणि धर्मगुरूच्या कष्टाने उभी राहिलेली संस्था समाजाच्या हातून निसटली, असे दुसऱ्या बाजूने म्हणता येते. आणि म्हणणारे होतेही. आमच्या मते या दुसऱ्या तक्रारीत तथ्य आहे. १८९१ नंतर संत पॅट्रिकच्या धर्मग्रामाचा शब्द या संघात पूर्वीसारखा उरला नाही. पण दंडक तसाच ठेवला असता तर संघ उरला असता काय, हा प्रश्नही विचारावयास हवा. केवळ कॅथलिक खेळाडूंवर चालणारे संघ स्कॉटलंडमध्ये आणखीही निघाले होते. त्यांतील बहुतेकांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत.

नवा हायबर्नियन १८९५ मध्ये वरच्या श्रेणीत गेला. १९०२ मध्ये तो पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला. त्या वर्षी ५ एप्रिलला ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर लाकडी सज्जा कोसळून २५ माणसे दगावली होती. म्हणून सामना सेल्टिकच्या मैदानावर झाला, आणि प्रतिस्पर्धीही सेल्टिकच. हायबर्नियनने धाकट्या भावास त्याच्याच अंगणात १-० असे हरवले. आता चषक दर दहा-बारा वर्षांनी येत राहील, असे त्या दिवशी काउगेटला वाटले असल्यास नवल नाही.

तो आला नाही. १९१४, १९२३, १९२४, १९४७, १९५८, १९७२, १९७९, २००१, २०१२, २०१३: दहा अंतिम सामने, दहा पराभव. १९७२ मध्ये सेल्टिकने ६-१ असे धुतले. त्या दिवशीचे कर्णधार पॅट स्टँटन हे संस्थापक व्हेलाहन यांच्याच घराण्यातील. २०१२ मध्ये हार्ट्सने ५-१ असे हरवले. मधल्या काळात १९४८, १९५१ आणि १९५२ मध्ये लीग जिंकणारा, १९५५ मध्ये युरोपियन चषकात उतरणारा पहिला ब्रिटिश संघ होणारा हायबर्नियन या एका चषकापुढे मात्र हतबल होता.

त्याच शतकात बाहेरचे हवामानही पाहावे लागेल. १९२३ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेपुढे एक अहवाल आला. आयरिश वंशामुळे स्कॉटिश राष्ट्रीयत्वास धोका आहे, असा त्याचा सूर होता. त्या चर्चने त्याबद्दल खेद व्यक्त केला तो २००२ मध्ये. १९३५ मध्ये एडिंबरोत पवित्र साक्रामेंताच्या सन्मानार्थ भरलेल्या परिषदेच्या वेळी जॉन कॉर्मॅक याच्या अनुयायांनी मॉर्निंगसाइड भागात दंगल केली. ग्लासगोचा रेंजर्स तर कॅथलिक खेळाडूस घेतच नसे. असा लेखी नियम नव्हता, पण १९८९ मध्ये त्यांनी मो जॉन्स्टन यास घेतले तेव्हा संतापलेल्या पाठीराख्यांनी गळ्यातील पट्टे जाळले. अशा वातावरणात हायबर्नियनने आपले दार पुन्हा लावून घेतले नाही. उलट त्याचे एक अध्यक्ष, हॅरी स्वॉन, कॅथलिक नव्हते. त्यांच्या काळात मैदानावरील आयरिश वीणा उतरवली गेली आणि जुने लोक दुखावले. चषक येत नाही तो याच पापामुळे, असेही कोणी म्हणत. आम्ही अशा शापांवर विश्वास ठेवीत नाही, पण त्या लोकांचे दुःख आम्हांस कळते. २००० पासून संघाच्या बोधचिन्हात वीणा पुन्हा आली. आता तिच्यासोबत लीथ बंदराचे जहाज आणि एडिंबरोचा किल्लाही आहे.

आता २०१६ कडे वळू. हायबर्नियन २०१४ मध्ये खालच्या श्रेणीत घसरला होता. रेंजर्सची कथा निराळी: २०१२ मध्ये त्याची कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि नव्या कंपनीस चौथ्या श्रेणीपासून सुरुवात करावी लागली. उपांत्य सामन्यात त्याने सेल्टिकला हरवले होते, म्हणून पारडे त्याचेच जड होते.

तिसऱ्याच मिनिटाला हायबर्नियनच्या अँथनी स्टोक्सने गोल केला. २७ व्या मिनिटाला केनी मिलरने बरोबरी साधली. ६४ व्या मिनिटाला अँडी हॅलिडेने दुरून मारलेला चेंडू जाळ्यात गेला, आणि हिरव्या गर्दीत ती जुनी, ओळखीची शांतता पसरली. दहा मिनिटे उरली असता लिअम हेंडरसनने कॉर्नरवरून टाकलेला चेंडू स्टोक्सने डोक्याने आत घातला. ९० मिनिटे संपली. वाढीव वेळेच्या दुसऱ्या मिनिटाला पुन्हा हेंडरसनचाच कॉर्नर, आणि या वेळी डोके कर्णधार डेव्हिड ग्रे यांचे. ३-२.

स्टोक्स डब्लिनमध्ये जन्मलेला. तो आणि हेंडरसन दोघेही त्या हंगामात सेल्टिककडून उसने आलेले. १८८८ चे देणे १२८ वर्षांनी, व्याजासह नसले तरी, काहीसे फिटले.

पुढे जे झाले ते सांगणेही भाग आहे. शिटी वाजताच हजारो प्रेक्षक मैदानात घुसले. बहुतेक आनंदाने रडत होते, पण काहींनी रेंजर्सच्या खेळाडूंवर हात टाकला. दोन्हीकडचे लोक भिडले, घोडेस्वार पोलीस आणावे लागले. रेंजर्सच्या खेळाडूंना मैदानावर येऊन आपली पदकेही घेता आली नाहीत. ज्या कॅननने मुलांना शिस्त लागावी म्हणून संघास आशीर्वाद दिला, त्यांच्या संघाच्या सर्वांत मोठ्या दिवसावर हा डाग आहे. ११४ वर्षांची तहान ही त्यास सबब होऊ शकत नाही. मैदान मोकळे झाल्यावर चषक दिला गेला, आणि अर्धे हॅम्पडेन ‘सनशाइन ऑन लीथ’ हे गाणे एका सुरात गाऊ लागले. ते गाणे लीथचे, त्या बंदराच्या लोकांचे; त्यात ना आयर्लंड ना पंथ. गाणाऱ्यांत कोण कॅथलिक, कोण प्रेस्बिटेरियन, कोण कशावरच विश्वास न ठेवणारा, हे पाहून ओळखणे शक्य नव्हते. दुसऱ्या दिवशी, रविवारी, उघड्या बसमधून चषक एडिंबरोतून लीथच्या मैदानापर्यंत नेण्यात आला.

संत पॅट्रिकचे चर्च काउगेटच्या वर आजही उभे आहे. कॅनन हॅनन यांची कबर शहराच्या दक्षिणेस ग्रेंज दफनभूमीत आहे. त्याच दफनभूमीत थॉमस चाल्मर्स, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पहिले अध्यक्ष, यांचीही कबर आहे.