समुद्राचें वकीलपत्र

कोणत्याही दाव्यांत वादी आणि प्रतिवादी असे दोन पक्ष असतात, व प्रत्येक पक्ष आपल्या वकिलाच्या हातीं वकीलपत्र देतो. ही रीत इतकी परिचयाची आहे कीं, ज्याला सही करतां येत नाहीं व अंगठाही उठवितां येत नाहीं, अशा पक्षकाराचें काय होतें, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. अज्ञान मुलाच्या वतीनें पालक उभा राहतो, देवस्थानाच्या वतीनें विश्वस्त उभे राहतात. पण समुद्राच्या वतीनें कोणीं उभें राहावयाचें? सरकारनें, असें कायद्याचें उत्तर आहे. आणि सरकार न्यायालयांत बोलतें तें आपल्या वकिलाच्या तोंडून. समुद्राची बाजू मांडणारा हा सरकारी वकील आपल्या किनाऱ्यावर केव्हां व कसा निर्माण झाला, आणि तो खरोखर कोणाचा वकील आहे, याचा थोडासा विचार आम्ही येथें करणार आहों.

हा विचार आम्ही कात्रपापासून आरंभिला तर वाचकांस नवल वाटेल. कात्रप हें बदलापुराजवळचें जुनें गांव. आतां तें कुळगांव-बदलापूर नगरपरिषदेच्या वस्तींत मिसळून गेलें आहे. येथून समुद्र दिसत नाहीं, त्याची गाजही ऐकूं येत नाहीं. परंतु या परिसराचें पाणी ओढ्यानाल्यांनीं उल्हास नदीस मिळतें, आणि उल्हास ही राजमाचीच्या डोंगरांतून निघून कर्जत, नेरळ व बदलापूर यांवरून वाहत कल्याणास खाडीचें रूप घेते व वसईपाशीं अरबी समुद्रास मिळते. पहिल्या शतकांतील ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनांत ज्या कल्याण बंदराचा उल्लेख आहे तें याच पाण्यावरचें. आणि १६५७ सालीं कल्याण-भिवंडी हस्तगत झाल्यावर शिवाजी महाराजांच्या आरमाराची उभारणी सुरू झाली तीही याच खाडीच्या आश्रयानें. तात्पर्य, कात्रप आणि समुद्र यांचा संबंध नवा नाहीं. नवें आहे तें हें कीं, पूर्वीं या पाण्यावरून माल जात असे, आतां मळ जातो.

समुद्राचा कायदा आपल्याकडे प्रथम आला तो मुंबई बंदराच्या सोईसाठीं. १८५३ सालीं मुंबई व कुलाबा बेटांच्या किनाऱ्यावरील उपद्रव दूर करण्याचा एक कायदा झाला. भरतीच्या रेषेखालीं कोणीं घाण, अडथळा किंवा अतिक्रमण केलें तर तें काढून टाकण्याची नोटीस देण्याचा अधिकार त्यानें कलेक्टरास दिला. हिंदुस्थानांतील अशा प्रकारच्या अगदीं आरंभींच्या कायद्यांत याची गणना होते, आणि त्याचें श्रेय आम्ही कमी लेखूं इच्छीत नाहीं. परंतु त्याचा हेतु स्पष्ट होता: गलबतांचा मार्ग निर्वेध राहावा. १९०८ च्या बंदर कायद्यानें बंदरांत दगडमाती, केरकचरा व तेल टाकण्यास मनाई केली, तीही मुख्यतः त्याच बुद्धीनें. पाणी स्वच्छ राहिलें पाहिजे तें जहाजांसाठीं. माशांसाठीं किंवा कोळ्यांसाठीं नव्हे.

नदीची स्थिति याहूनही बिकट होती. १८६० च्या दंडसंहितेंत सार्वजनिक झरा किंवा तळें यांचें पाणी नासविणें हा अपराध ठरला. परंतु नदीच्या पात्रांतून अखंड वाहणारें पाणी 'सार्वजनिक झरा' या शब्दांत येत नाहीं, असें मुंबई उच्च न्यायालयानें १९०४ सालीं म्हटलें. शब्दार्थाच्या दृष्टीनें त्या निर्णयास दोष देतां येणार नाहीं. पण परिणाम असा कीं, विहिरींत घाण टाकणारा गुन्हेगार ठरला आणि नदींत टाकणारा सुटला. जें वाहून गेलें तें नाहींसें झालें, ही आमच्या समाजाची जुनी समजूत होती, व कायद्याच्या या अर्थानें तिला एक प्रकारें पुष्टीच मिळाली.

ही समजूत कायद्यानें सोडली ती १९६९ सालीं. त्या वर्षीं महाराष्ट्रानें जलप्रदूषणाविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, व ७ सप्टेंबर १९७० रोजीं प्रदूषण नियंत्रण मंडळ अस्तित्वांत आलें. पुढें १९७४ च्या केंद्रीय कायद्यानें 'प्रवाह' या शब्दाची जी व्याख्या केली ती मननीय आहे. नदी, ओढा, भूमिगत पाणी यांच्या जोडीला, राज्य सरकार ठरवील त्या मर्यादेपर्यंत, समुद्र व भरतीचें पाणी यांचाही तींत समावेश झाला. डोंगरापासून किनाऱ्यापर्यंतचें पाणी एकच आहे, ही गोष्ट कायद्यानें येथें मान्य केली.

त्याच सुमारास जगांत समुद्रावरच्या जहाजांकडेही लक्ष गेलें होतें. १८ मार्च १९६७ रोजीं 'टॉरी कॅनियन' हें तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकाशीं खडकावर आदळलें व सुमारें १,१९,००० टन तेलाचा लोंढा ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या किनाऱ्यांवर पसरला. तेलानें झालेल्या नुकसानीची जबाबदारी जहाजमालकावर ठेवणारा १९६९ चा आंतरराष्ट्रीय करार त्यांतून जन्मास आला. आपल्या संसदेनें १९५८ च्या नौवहन कायद्यांत १९८३ सालीं सुधारणा करून तेलप्रदूषणाचीं स्वतंत्र प्रकरणें घातलीं. २०२५ सालीं या कायद्याच्या जागीं, आणि १९०८ च्या बंदर कायद्याच्याही जागीं, नवे कायदे करण्यांत आले.

या कायद्यांच्या बळावर काम करणाऱ्या सरकारी वकिलाची पहिली अडचण अशी कीं, त्याचा प्रतिपक्षी एके ठिकाणीं थांबत नाहीं. जहाजाचा मालक एका देशांत, ध्वज दुसऱ्या देशाचा, खलाशी तिसऱ्या देशाचे, आणि माल उतरला कीं कांहीं तासांत तें बंदर सोडून जाणार. म्हणून पाण्यावरच्या तवंगाचे नमुने घेणें, जहाजाच्या टाक्यांतील तेलाशीं ते ताडून पाहणें, जहाजावरची तेलाची नोंदवही हस्तगत करणें, हीं कामें वेळेवर झालीं नाहींत तर उत्तम वक्तृत्वही निरुपयोगी ठरतें. त्याच्या हातीं एक अस्त्र मात्र प्रभावी आहे, व तें म्हणजे जहाजाची अटक. सागरी दावा खुद्द जहाजावर करतां येतो. न्यायालयाचें वॉरंट जहाजावर डकविलें जातें, आणि मालकानें किंवा त्याच्या विमासंघानें जामीन दिल्यावांचून नांगर उचलतां येत नाहीं. २०१७ च्या कायद्यानें किनाऱ्यावरील राज्यांच्या उच्च न्यायालयांचा हा अधिकार निश्चित केला असून पर्यावरणाची हानि हें दाव्याचें एक कारण म्हणून त्यांत स्पष्टपणें मानलें आहे. येथें एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. लाकूडलोखंडाच्या जहाजाला कायद्यानें फार पूर्वींच प्रतिवादी होण्याचा मान दिला. ज्या समुद्रावर तें तरंगतें त्याला वादी होण्याचा मान मात्र मिळालेला नाहीं.

मग समुद्राच्या वतीनें वादी होतो कोण? ४ ऑगस्ट २०११ रोजीं साठ हजार टनांहून अधिक दगडी कोळसा घेऊन गुजरातेकडे जाणारें 'रॅक कॅरियर' हें जहाज मुंबईपासून सुमारें वीस सागरी मैलांवर बुडालें, आणि त्यांतील इंधनाचा तवंग किनाऱ्याकडे आला. या प्रकरणीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २३ ऑगस्ट २०१६ रोजीं जहाजाशीं संबंधित कंपन्यांस १०० कोटी रुपयांची भरपाई देण्यास सांगितलें. पण ही फिर्याद सरकारची नव्हती. समीर मेहता या नागरिकानें ती आणिली होती, आणि सरकार प्रतिवादींच्या रांगेंत होतें. उल्हास नदीचेंही तेंच झालें. २०१३ सालीं 'वनशक्ति' ही संस्था न्यायाधिकरणापुढें गेली. समोर प्रदूषण नियंत्रण मंडळ, औद्योगिक विकास महामंडळ आणि या खोऱ्यांतील नगरसंस्था होत्या. व जुलै २०१५ मध्यें न्यायाधिकरणाचा निर्णय या संस्थांच्या विरुद्ध गेला. दोन्ही प्रसंगीं पाण्याची बाजू मांडली ती लोकांनीं, आणि सरकारी वकिलास मांडावा लागला तो आपल्या खात्यांचा बचाव.

यावर असें म्हणतां येईल कीं, वकिलानें आपल्या पक्षकाराची बाजू मांडावी, तिचा न्याय करूं नये. आणि सरकार हा जर पक्षकार, तर त्याच्या खात्यांचा बचाव करणें हाच वकिलाचा धर्म. हा आक्षेप वजनदार आहे. ज्यास अशिलाची बाजू घ्यावयाची नसेल त्यानें वकीलपत्र परत करावें, हें तत्त्व आम्हांसही मान्य आहे. प्रश्न आहे तो सरकार येथें कोणत्या नात्यानें अशील आहे हा. १९९६ सालीं बियास नदीच्या काठच्या एका हॉटेलाच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, समुद्रकिनारा, वाहतें पाणी, हवा व वनें यांचें सरकार हें मालक नसून विश्वस्त आहे. हें एकदां स्वीकारलें म्हणजे वकिलाचें स्थान आपोआप बदलतें. विश्वस्ताच्या वकिलानें विश्वस्ताची अब्रू सांभाळावी, पण ठेवीचा बळी देऊन नव्हे. खात्याची चूक झाली असेल तर ती झांकण्याच्या युक्त्या शोधण्यापूर्वीं, ती सुधारण्याचा सल्ला त्यानें आपल्या कचेरींत बसूनच दिला पाहिजे. अशा सल्ल्याचा न्यायालयाच्या निकालपत्रांत उल्लेख होत नाहीं, तथापि त्याच्या कामाचा मोठा भाग तोच आहे.

सरकार वादी झाल्याचें एक ठळक उदाहरण अलीकडेच घडलें. २५ मे २०२५ रोजीं 'एमएससी एल्सा ३' हें जहाज ६४० कंटेनरांसह केरळच्या किनाऱ्याजवळ बुडालें. केरळ सरकारनें तेथील उच्च न्यायालयांत ९,५३१ कोटी रुपयांचा सागरी दावा लावला, आणि त्याच समूहाचें दुसरें जहाज विळिंजम बंदरांत अटकवून ठेवण्याचा हुकूम मिळविला. रक्कम किती हातीं लागेल ही गोष्ट निराळी. परंतु सरकारी वकील येथें बचावासाठीं न येतां मागणी घेऊन आला, याचें आम्हांस विशेष वाटतें.

तथापि ही परीक्षा सोपी होती, कारण जहाज परक्याचें होतें. अवघड परीक्षा उल्हासेच्या काठीं आहे. किनारा-नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेनें नदींत समुद्र कोठवर मानावा याची खूण मिठानें ठरविली: कोरड्या ऋतूंत पाण्याच्या हजार भागांत पांच भाग क्षार जेथपर्यंत सांपडतात तेथपर्यंत. त्यापुढें गोडें पाणी, दुसरें कलम आणि दुसरी कचेरी. कात्रप या खुणेच्या बरेंच वर आहे. समुद्राच्या वकिलाच्या नकाशावर तें नाहीं. पण त्याच्या दाव्याचें कारण, बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर यांच्या गटारांतून आणि कारखान्यांतून, रोज खालीं जात आहे. तेलाचा तवंग दिसतो, म्हणून वर्तमानपत्रांत येतो. नाल्यांतून जाणाऱ्या पाण्याची बातमी होत नाहीं, व त्याला अटकविण्यासारखें जहाजही नसतें.

आमच्या परिचयाच्या मध्यमवर्गीय घरांतील पुष्कळ मुलेंमुली हल्लीं वकिलीची परीक्षा देतात, आणि सरकारी नेमणूक ही सुरक्षित नोकरी म्हणून घरींही तिचें स्वागत होतें. त्यांच्यापैकीं कोणी उद्यां बदलापुराच्या स्टेशनावर सकाळची लोकल धरून किनाऱ्याचे कागद काखेंत घेऊन उच्च न्यायालयांत जाईल. १८५३ च्या कायद्यानें कलेक्टराची नजर भरतीच्या रेषेखालीं ठेविली होती. या तरुण वकिलानें ती रेषेच्या वर, आपल्या घरामागच्या नाल्यापर्यंत आणावी, आणि आपल्याच नगरपरिषदेविरुद्ध बोलण्याची वेळ आली तर आवाज खालीं आणूं नये. ज्यानें सही केली नाहीं अशा पक्षकाराचें वकीलपत्र चालविण्याचा दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाहीं.