अंबरनाथच्या तुळईवरील शक

उल्हासनगर व बदलापूर यांच्या मधल्या अंबरनाथास आज लोक कारखान्यांमुळें ओळखतात. पण भिन्न विद्यांनीं एकाच कामास हात घातल्याचा एक जुना दाखला तेथील शिवालयांत आहे, तो वाचकांपुढें ठेवावासा आम्हांस वाटतो.

१८६८ सालीं सरकारी आज्ञेवरून मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे टेरीसाहेब आपली मंडळी घेऊन तेथें गेले. मापें घ्यावीं, नकाशे काढावे, नक्षीकामाचे ठसे उतरावे, असें तें काम. ज्या शाळेंत ग्रीक पुतळ्यांवरून हात बसवीत, तिला आतां कोंकणच्या पाथरवटाचा धडा गिरवावा लागला!

उत्तरद्वाराच्या आंतील तुळईवर एक लेख आहे. डॉ. भाऊ दाजी हे व्यवसायानें वैद्य, ग्रँट मेडिकल कॉलेजाचे पदवीधर. त्यांनीं त्यांतला शक ७८२, म्हणजे इ. स. ८६०, असा वाचला. पुढें त्यांच्याच पदरीं साहाय्यक राहिलेल्या पंडित भगवानलाल इंद्रजींनीं लेख पुनः तपासला. पहिला अंक सात नव्हे, नऊ. शक ९८२, इ. स. १०६०! एका अंकानें देवालय दोनशें वर्षें अलीकडे सरकलें आणि शिलाहार राजा मुम्मुणि याच्या कालांत येऊन बसलें.

ज्याच्या आश्रयानें विद्या वाढली त्याचें वाचन चुकलें, असें छापून सांगण्यास धैर्य लागतें. कोणी यास गुरुद्रोह म्हणेल. आम्ही म्हणणार नाहीं. लेखांचे ठसे आणावयास भगवानलालांना नेपाळापर्यंत धाडिलें होतें तें भाऊंनींच. ती संवय अंबरनाथीं भाऊंवर उलटली, इतकेंच.