पांढरे कपडे आणि मरणाची भीती : गडचिरोलीतील एका रुग्णालयाचा इतिहास

रुग्णालयाचा इतिहास बहुधा कोनशिलेपासून सांगितला जातो. धानोरा रस्त्यावरील शोधग्राममध्ये असलेल्या माँ दंतेश्वरी रुग्णालयाचा इतिहास मात्र लोकांच्या नकारापासून सुरू होतो.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू केले. शहरात सरकारी रुग्णालय होते, तरी जंगलातील आदिवासी तेथे जाण्यास नाखूष असत. अडाणीपणा, अंधश्रद्धा, मांत्रिक ही कारणे शहरी माणसाच्या जिभेवर तयारच होती. बंग दांपत्याने ती बाजूला ठेवून लोकांनाच विचारले.

लोकांची उत्तरे विलक्षण होती. मोठ्या इमारतीत माणूस हरवतो. रुग्णाला आत ठेवून घेतात आणि नातेवाइकांना बाहेर काढतात. शिवाय तेथील डॉक्टर आणि नर्स पांढऱ्या कपड्यांत वावरतात. पांढऱ्या कापडात तर आपण मृताला गुंडाळतो. मग असे कपडे घातलेली माणसे जीव कसा वाचवणार?

हे शेवटचे उत्तर आज गमतीदार किस्सा म्हणून सांगितले जाते, आणि हा त्या उत्तरावर अन्याय आहे. डब्ल्यू. व्ही. ग्रिग्सन यांच्या १९३८ सालच्या ग्रंथात शेजारच्या बस्तरमधील माडिया गोंडांच्या स्मृतिशिळांचे वर्णन आहे. दिवंगतासाठी शिळा उभारणाऱ्या समाजात मरण ही एकट्याची बाब नसते. तो साऱ्या गावाचा व्यवहार असतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा मुलखातून दूर नेलेला माणूस आप्तांवाचून, परक्या भाषेत मेला, तर मागे उरलेल्यांच्या वाट्याला काय येत असेल? नकारामागे औषधाच्या भीतीपेक्षा अशा मरणाची भीती अधिक असावी.

नवे रुग्णालय म्हणूनच गोंड पाड्यासारखे बांधले गेले. एका मोठ्या इमारतीऐवजी झोपड्या उभ्या राहिल्या, नातेवाइकांना रुग्णासोबत राहण्याची सोय झाली आणि नाव देवीचे मिळाले.

येथे जरा बाहेर पाहावे. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. वांद्र्याचे ‘शांती आवेदना सदन’ १९८६ चे, म्हणजे बंग गडचिरोलीत आले त्याच वर्षीचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ सालच्या व्याख्येत पॅलिएटिव्ह केअर रुग्णाइतकीच कुटुंबासाठीही आहे आणि ती मृत्यूनंतरच्या शोककाळातही सुरू राहते. शोधग्रामचे रुग्णालय हॉस्पिस नव्हे. तरी आप्तांना दाराबाहेर ठेवू नये, ही त्या व्याख्येतील जाण गडचिरोलीच्या गावकऱ्यांनी आधीच बोलून दाखवली होती.

बालमृत्यूंच्या बाबतीतही विचारणेच कामी आले. घरात जन्मून घरातच दगावणाऱ्या अर्भकाची नोंद सरकारदरबारी अनेकदा होतच नसे. मृत्यूनंतर आई-वडिलांना विचारून कारण शोधण्याच्या पद्धतीला व्हर्बल ऑटॉप्सी म्हणतात. रुक्ष नाव, पण प्रत्यक्षात समोर नुकतेच मूल गमावलेली आई असते. अशा चौकशीच्या आधारावर ३९ गावांत घरपोच नवजात सेवेचा प्रयोग झाला. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे ‘द लॅन्सेट’मध्ये १९९९ साली प्रसिद्ध झाले. २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ अहवालाने राज्यातील बालमृत्यूंच्या सरकारी आकड्यांनाच आव्हान दिले.

प्रौढांच्या अखेरच्या दिवसांबद्दल अशी चौकशी फारशी झाली नाही. राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२ साली आला; १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे दुर्मीळ झालेले मॉर्फिन मिळणे सुकर व्हावे म्हणून २०१४ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये अहेरी तालुक्यातील एका दांपत्याची चित्रफीत देशभर पसरली. आपल्या दोन मुलांचे मृतदेह खांद्यावर घेऊन ते दोघे आरोग्य केंद्रातून पायी गावाकडे निघाले होते. त्यावर राजकीय आरोप-प्रत्यारोप झाले आणि रुग्णवाहिकांची चर्चाही झाली.