शब्दांचे मूळ आणि शब्दांचे साक्षीदार

मावळ तालुक्यात तळेगाव दाभाड्याजवळ आंबी नावाचे गाव आहे. हे नाव कशावरून पडले असे विचारले तर 'आंब्यावरून' असे कोणीही चटकन सांगेल. ते बरोबरही असेल. पण ते पुराव्याने ठरलेले उत्तर नव्हे, कानाला पटलेले उत्तर आहे. या दोहोंतला फरक हा वरवर पाहता पंडितांचा प्रश्न वाटतो. परंतु ज्यांना नावे दुसऱ्यांनी ठेवली आणि त्या नावांचे अर्थही दुसऱ्यांनीच लावले, त्यांच्यासाठी तो इभ्रतीचा प्रश्न असतो. म्हणून कोशाचा अधिकार कशातून येतो, हे आपण तपासले पाहिजे.

इंग्रजांच्या देशातही कोश म्हणजे प्रथम एका विद्वानाचा निवाडा होता. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ मध्ये आपला कोश काढला आणि शब्दांना वजन दिले ते स्वतःच्या निवडीने. पुढे १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे रिचर्ड ट्रेंच याने इंग्रजी कोशांतील उणिवांवर निबंध वाचले. कोशकार हा शब्दांचा न्यायाधीश नसून इतिहासकार असला पाहिजे, अशी त्याची भूमिका होती. त्यातून ऑक्सफर्डचा कोश उभा राहिला. १८७९ पासून जेम्स मरे त्याचा संपादक झाला, १८८४ मध्ये पहिला भाग निघाला आणि १९२८ मध्ये काम पुरे झाले. चार लाखांवर शब्द आणि अठरा लाखांवर अवतरणे त्यात आली. प्रत्येक शब्द प्रथम कोठे, कोणत्या साली सापडतो आणि पुढे त्याचा अर्थ कसा पालटला, हे तारीखवार अवतरणांनी दाखवायचे, ही त्या कोशाची रीत. ही अवतरणे असंख्य सामान्य वाचकांनी चिठ्ठ्यांवर लिहून पाठवली होती.

त्याच १८५७ साली मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. पहिली १८३१ ची. जेम्स मोल्सवर्थ हा कंपनीच्या फौजेतला अधिकारी. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे बंधू त्याचे सहकारी. दुसऱ्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत. मराठीवर या माणसाचे ऋण मोठे आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. पण या कोशात शब्दाचे मूळ सांगण्याची रीत वेगळी होती. शब्दापुढे एक अक्षर: संस्कृत, फारसी, अरबी किंवा हिंदुस्थानी. साल नाही, साक्षीदार नाही. शब्द गोळा करणारे, पारखणारे साहाय्यक ब्राह्मण होते. त्यामुळे उंबरठ्याच्या आतले शब्द पंडितांना ठाऊक होते आणि गावकुसाबाहेरचे शब्द त्यांनी दुरून ऐकले. वेशीवर राखण करणारा तो वेसकर. त्याच्या घरची माणसे 'येसकर' म्हणतात. कोशाच्या भाषेत असा शब्द 'अपभ्रंश' ठरतो. ज्याने ते काम पिढ्यान्पिढ्या केले, त्याचा उच्चार भ्रष्ट, आणि ज्याने ते करवून घेतले, त्याचा शुद्ध! हा भाषाशास्त्राचा नियम नव्हे, गावगाड्याचा नियम आहे.

मग ऑक्सफर्डची रीत निर्दोष आहे काय? तसेही नाही. 'परिया' हा शब्द पाहा. तामिळ 'परै' म्हणजे ढोल आणि तो वाजवणारे ते परैयर, ही त्याची सर्वपरिचित व्युत्पत्ती. युरोपियन प्रवासी आणि अधिकारी यांच्या लेखणीतून तो इंग्रजीत गेला आणि तेथे त्याचा अर्थ 'समाजाने टाकलेला' असा झाला. भटक्या कुत्र्यालाही तेच विशेषण लागले. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात या शब्दाची मोठी नोंद आहे. अवतरणे भरपूर, सालेही आहेत. पण ढोल वाजवणाऱ्याची साक्ष त्यात नाही. जो छापला गेला तोच साक्षीदार, असे ठरले की निरक्षर ठेवलेला माणूस आपल्याच नावाच्या खटल्यात गैरहजर राहतो.

आपल्याकडे 'महार' या शब्दाचे असेच झाले. 'मृताहार' म्हणजे मेलेले खाणारे, ही व्युत्पत्ती डॉ. रा. गो. भांडारकरांच्या नावावर सांगितली जाते. जोतीराव फुले यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त 'महाअरी', म्हणजे मोठे शत्रू, असा अर्थ लावला. जॉन विल्सनने तर महाराष्ट्र म्हणजे महारांचे राष्ट्र असे म्हटले. या तिन्हींना ऑक्सफर्डचा प्रश्न विचारून पाहा: प्राचीन लेखात हे रूप कोठे आहे? आधीच्या रूपापासून पुढचे रूप कसे झाले, ते दाखवा. फुल्यांच्या व्युत्पत्तीत बंडाचे तेज आहे आणि तिचे ऐतिहासिक मोल तेवढ्यासाठी मोठे आहे. पण ध्वनिशास्त्राचा पुरावा म्हणून ती उभी राहत नाही. 'मृताहार'ही राहत नाही. फरक इतकाच की, एक तर्क कल्पित म्हणून हसण्यावारी नेला गेला आणि दुसरा विद्वत्ता म्हणून मिरवला. आपल्याला सुखावणारी व्युत्पत्तीही आपण त्याच तराजूत घातली पाहिजे, तरच 'मृताहार' नाकारण्याचा आपला अधिकार खरा.

आणि पुराव्याला भिण्याचे आपल्याला कारण नाही. या मावळातच तो दगडावर कोरलेला आहे. कार्ले, भाजे आणि बेडसे या तिन्ही ठिकाणच्या बौद्ध लेण्यांत 'महारठि' हे पद दात्यांच्या नावांबरोबर येते. बेडशाला एका स्त्रीचा उल्लेख 'महारठिनी' असा आहे. 'महाराष्ट्र' या नावाचा विचार या पदाला टाळून करता येत नाही. कार्ल्याच्या सातवाहनकालीन लेखात 'मामाल' आहाराचा, म्हणजे एका प्रशासकीय विभागाचा, निर्देश आहे. सूर्य मावळतो ते मावळ, असे आपण शाळेत ऐकले. पण दोन हजार वर्षांच्या घरातला 'मामाल' हा साक्षीदार समोर असताना मावळतीची कथा जपून सांगावी लागते. कार्ल्याच्या पायथ्याशी वेहेरगाव आहे. त्या नावात 'विहार' ऐकू येतो. भिक्षुसंघाला दिलेल्या गावांचे लेख वरच कोरलेले असल्याने हा तर्क निराधार नाही. तरी तो तर्कच आहे, हे सांगूनच मांडावा.

'दलित' हा शब्द मोल्सवर्थमध्ये आहे. दळलेले, तुकडे झालेले, एवढाच अर्थ. त्या अर्थात धान्य बसते, दगड बसतो, माणूस नाही. माणूस त्यात आणला तो चळवळीने. १९५८ मध्ये मुंबईला पहिले दलित साहित्य संमेलन भरले, १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, आणि भरडला गेलेला या अर्थावर उठून उभा राहिलेला हा अर्थ चढला. आज इंग्रजी कोशांनाही हा शब्द घ्यावा लागला आहे. शब्दाचे मूळ म्हणजे त्याचा शेवट नव्हे. 'मूळचा अर्थ हाच' असे म्हणून जो आपल्याला १८५७ च्या पानावर परत बसवू पाहतो, त्याला कोशही कळलेला नाही आणि इतिहासही नाही.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. मावळच्याच परिसरात, देहूरोडला, २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. धम्माची ओढ असलेला हा माणूस अनुवादांवर विसंबून राहिला नाही. त्यांनी स्वतः पालीचे व्याकरण आणि शब्दकोश लिहायला घेतला. ते काम १९९८ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात छापले. ज्याच्या पूर्वजांना अक्षर नाकारले, त्याने कोश रचायला घेतला, ही घटना एखाद्या सत्याग्रहाइतकीच मोलाची आहे.

आता काम आपले आहे. येसकर, तराळ, पाडेवार, जोहार हे शब्द बोलणारी माणसे कमी होत चालली. १९५८ च्या कायद्याने महारवतन गेले. त्याच्याबरोबर त्याचे शब्दही जाणार आणि जावेतही. पण जाण्यापूर्वी त्यांची जबानी नोंदवली गेली पाहिजे. आजीने वापरलेला शब्द, तिचे गाव, साल, आणि तो तिला कोणी, कशा प्रसंगी ऐकवला, एवढे एका चिठ्ठीवर लिहावे. ऑक्सफर्डचा कोश अशाच चिठ्ठ्यांवर उभा राहिला. 'जोहार' कोणत्या घरात केव्हा थांबला आणि 'जयभीम' केव्हा सुरू झाला, याची तारीखवार नोंद ज्या कोशात असेल, तो कोश आपला असेल.