पियानो, पेटी आणि मराठी कान : एक इतिहासविचार

पियानो-कॉन्चेर्टो हा पाश्चात्त्य संगीतातील एक प्रौढ रचनाप्रकार होय. एका बाजूस एकटा पियानो, दुसऱ्या बाजूस सबंध वाद्यवृंद आणि या दोहोंत कधी संवाद, कधी स्पर्धा, अशी त्याची मांडणी असते. मोत्सार्टच्या नावावर अशा क्रमांकित रचना २७ आहेत, बेथोव्हेनच्या ५ आणि ब्राम्सच्या २. या रचनाप्रकाराचा महाराष्ट्राशी संबंध तो काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. संबंध आहे, परंतु तो सरळ नाही. तो उलगडताना संगीताच्या इतिहासाइतकीच भाषेच्या इतिहासाचीही साक्ष काढावी लागते.

पियानो मराठी संगीतात का रुजला नाही, याचे एक ठरावीक उत्तर दिले जाते. पियानोचे स्वर पक्के बांधलेले असतात. त्यावर मींड निघत नाही. शिवाय त्याचे सप्तक बारा समान भागांत विभागलेले असल्याने त्याचे स्वर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत. हा आक्षेप निराधार नाही. सप्तकाचे १२०० सेंट कल्पिले, तर नैसर्गिक गांधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटांवर पडतो आणि पियानोचा ४०० सेंटांवर. तंबोऱ्यावर मुरलेल्या कानास हा चौदा सेंटांचा चढ खुपल्यावाचून राहत नाही.

तथापि हे उत्तर पुरेसे नाही. कारण हाच दोष पेटीतही आहे, आणि पेटी तर महाराष्ट्राने आपलीशी केली. १८४२ साली पॅरिस येथे आलेक्सांद्र दबँ याने हार्मोनियमचे पेटंट घेतले. पुढे त्या वाद्याचे भारतीय रूप नाटक, कीर्तन आणि मैफल या तिन्ही ठिकाणी स्थिरावले. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंताने तर त्यास स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. विद्वानांनी विरोध केला नाही असेही नव्हे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ई. क्लेमंट्स या न्यायाधीशांच्या साहाय्याने श्रुति-हार्मोनियमचा प्रयोग केला. आकाशवाणीने १९४० पासून पेटी वर्ज्य ठरविली आणि ही बंदी १९७१ पर्यंत शिथिल झाली नाही. एवढे होऊनही मैफलीतील पेटी हलली नाही. म्हणजे केवळ श्रुतिभेदामुळे एखादे वाद्य त्याज्य ठरते, हा सिद्धान्त टिकत नाही.

येथे भाषेची साक्ष उपयोगी पडते. परकी वस्तू समाजात मुरली की नाही, हे तिच्या मूळ नावापेक्षा तिच्याभोवती उगवलेल्या शब्दांवरून अधिक खात्रीने कळते. ‘हार्मोनियम’ची मराठीत ‘पेटी’ झाली. मग ‘पायपेटी’ आली, ‘पेटीवाले’ आले. ‘पियानो’ मात्र पियानोच राहिला. त्यापासून एकही घरगुती शब्द निपजला नाही. याहून बोलका पुरावा निराळाच आहे. छत्रपती संभाजीनगरात काय किंवा पुण्यात काय, गायकास त्याची पट्टी विचारली असता ‘काळी एक’, ‘पांढरी पाच’ असेच उत्तर मिळते. या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची रचना ही पियानोचीच रचना होय. पियानो दारातून आला नाही. त्याची पट्टी मात्र पेटीच्या वाटेने आपल्या बोलीत येऊन बसली.

मग पेटी स्वीकारली आणि पियानो नाकारला, असे का घडले? माझ्या मते कारणे तीन आहेत. पेटी स्वस्त व सुवाह्य. पियानो महाग व अवजड. पेटीचा स्वर भात्यावर टिकतो आणि म्हणून कंठाची साथ करू शकतो. पियानोचा स्वर आघातानंतर लगेच विरू लागतो. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. कॉन्चेर्टोस केवळ वाद्य पुरत नाही. त्यास स्वरलिपी वाचणारे अनेक वादक आणि त्यांना एकत्र ठेवणारी संस्था लागते.

ही संस्था महाराष्ट्रात उभी राहिली ती मुंबईत. १९३५ साली मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. हौशी पारशी वादक आणि चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेले गोमंतकीय यांचा अशा वृंदांस मोठा आधार असे. त्याच घरात १९३६ साली झुबिन मेहता यांचा जन्म झाला आणि १९५४ साली ते शिक्षणासाठी व्हिएन्नास गेले. पुढे पियानोवादनाच्या इतिहासातील दोन अविस्मरणीय प्रसंगी निर्देशकाच्या जागी हेच मुंबईकर होते. १९७६ साली ८९ वर्षांच्या आर्थर रुबिनस्टाइन यांनी, दृष्टी जवळजवळ गेली असताना, इस्रायल फिलहार्मोनिकसह ब्राम्सचा पहिला कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित केला. २४ सप्टेंबर १९७८ रोजी व्लादिमिर होरोविट्झ यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसह राखमानिनॉफचा तिसरा कॉन्चेर्टो वाजविला. याच वृंदासह १९१० साली स्वतः राखमानिनॉफ यांनी तो माहलरच्या निर्देशनाखाली वाजविला होता.

याच्या उलट दिशेचा एक प्रवासही लक्षणीय आहे. इंग्रज रचनाकार जॉन फोल्ड्स यांनी १९२९ साली पूर्ण केलेल्या ‘डायनॅमिक ट्रिप्टिक’ या पियानो-कॉन्चेर्टोचा पहिला भाग आद्यन्त एकाच सप्तस्वरी मेलात बांधलेला आहे. दुसऱ्या भागात पाव स्वरांचा उपयोग आहे. परंतु ते पियानोकडे नसून तंतुवाद्यांकडे सोपविलेले आहेत. हेच फोल्ड्स पुढे दिल्लीच्या आकाशवाणीत आले आणि १९३८ साली त्यांनी पेटीविरुद्ध लेख लिहिला. पियानोसाठी कॉन्चेर्टो रचणाऱ्याने पेटीस दोष द्यावा, यात वरकरणी विसंगती दिसते. वस्तुतः ती नाही. ज्या संगीतात स्वरसंहतीसाठी सप्तक समान विभागणे सोयीचे ठरले, तेथे ती तडजोड त्यांना मान्य होती. ज्या संगीतात अशी गरजच नव्हती, तेथे ती त्यांस अनाठायी वाटली.

सारांश, मराठी कानाने पियानो श्रुतींच्या कारणास्तव नाकारला, हे विधान आपण सोडून द्यावयास हवे. कान तडजोड करतो. मात्र ती कोठे करावयाची हे व्यवहार, संस्था आणि गरज ठरवितात. २००६ साली मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली. त्यामुळे कॉन्चेर्टो प्रत्यक्ष ऐकण्याची सोय महाराष्ट्रात आज आहे. परंतु ती मुंबईपुरती आहे. मराठवाड्यातील विद्यार्थ्यास तो ध्वनिमुद्रणावरच ऐकावा लागतो. याचा दोष त्याच्या कानास देणे अन्यायाचे होईल. मराठीतील वाद्यविषयक शब्दांचा जिल्हावार संग्रह अभ्यासकांनी हाती घेतल्यास, लिखित इतिहासाने न नोंदविलेले पुष्कळ काही ‘काळी एक’ सारख्या साध्या शब्दांतून हाती लागेल.