फायबरच्या नावेचा ड्रेन प्लग : कुठे आणि कसा बसवायचा?

नांदेडला गोदावरी आणि विष्णुपुरीचा जलाशय, लातूरकडे मांजरा. समुद्र लांब असला तरी मासेमारीला आणि पुरात आपल्याकडेही नाव लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात पूर आला, तेव्हा लोकांना बाहेर काढायला बचाव पथकांसोबत लष्करही बोलवावं लागलं. अशा वेळी नाव हजर पण तळाचं बूच गायब, ही गोष्ट जिवावर बेतू शकते.

ड्रेन प्लग म्हणजे काय?

नावेत साचलेलं पाणी काढायचं भोक आणि त्यात बसणारं आट्यांचं बूच. पावसाचं, जाळ्यांचं पाणी तळाशी जमतं. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन, तेही एका बाजूला सरकणारं. नाव कलंडायला तेवढं पुरेसं होतं.

जागा कोणती?

मागच्या उभ्या भिंतीत, आतून सर्वात खालच्या जागी, पण मधल्या कण्याच्या जरा बाजूला. आतून-बाहेरून दोन्हीकडे हात पोचला पाहिजे. हवेचे बंद कप्पे असतील तर त्यांचं पाणी या भोकातून निघणार नाही, हे लक्षात ठेवा.

कसा बसवायचा?

१. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचं फिटिंग घ्या. स्क्रूही स्टेनलेसचेच.
२. मास्क आणि चष्मा लावा, मुलांना लांब ठेवा. फायबरची धूळ डोळ्यांना आणि छातीला वाईट.
३. जागेवर चिकटपट्टी लावून आधी बारीक भोक पाडा. मग फिटिंगच्या नळीच्या मापाचा होल सॉ बाहेरच्या बाजूने, जोर न लावता चालवा. म्हणजे वरचा गुळगुळीत थर उडत नाही.
४. भोकाच्या कडेत लाकूड दिसतंय का बघा. ही पायरी सर्वात महत्त्वाची. फायबरच्या आत बऱ्याचदा प्लायवूड असतं. त्याला पाणी लागलं की ते आतून सडतं, बाहेरून कळतही नाही. लाकूड असेल तर भोक थोडं मोठं करून घट्ट इपॉक्सीने भरा, वाळल्यावर पुन्हा योग्य मापाचं पाडा. लाकूड नसलं तरी कडेला इपॉक्सीचा हात द्या.
५. फिटिंगच्या मागे आणि स्क्रूच्या भोकांत पाण्याखाली चालणारं पॉलियुरेथेन सीलंट भरा. बाथरूमच्या सिलिकॉनवर विसंबू नका.
६. स्क्रू बेताने आवळा. जास्त आवळले तर सीलंट सगळं बाहेर येतं. डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ वाळू द्या.

तपासणी

नाव जमिनीवर, मागची बाजू थोडी खाली ठेवा. बूच लावून फिटिंग बुडेल इतकं पाणी आत ओता. तासाभराने बाहेरून कोरडा कागद फिरवा. ओला झाला तर फिटिंग काढून पुन्हा बसवा.

रोजचा नियम

जमिनीवर बूच उघडं, पाण्यात उतरण्याआधी बंद. पावसाळ्यात बंद ठेवलेली नाव पाण्याने भरून बसते. उघडी राहिलेली नाव पाण्यात भरते. म्हणून बूच साखळीने नावेलाच बांधा, रबरी वायसर दरवर्षी बदला आणि एक जादा बूच लाइफ जॅकेटच्या पेटीत ठेवा. गावाची किंवा संस्थेची नाव असेल तर मान्सूनच्या आधी कोण तपासणार, हे नावानिशी ठरवा. तवक्कुल आपल्या जागी, पण तदबीर आधी.